जाईब म्हणजे उलटा टॅक नव्हे

नवरात्र उरकलं, पाऊस ओसरला, की मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. क्लबांमध्ये नवशिक्यांच्या तुकड्या सुरू होतात, शिडाची बोट वळवण्याच्या दोन रीती, टॅक आणि जाईब, शिकवल्या जातात आणि दर हंगामात तेच वाक्य कानावर येतं : "टॅक आला ना? मग जाईब म्हणजे उलटा टॅक." शिकवणारेही हे बिनधास्त सांगतात. ऐकणारा मान डोलावतो आणि तासाभरात बूम (मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा) कानाजवळून सणकन जातो किंवा बोट आडवी होते.

व्याख्येपुरतं बघितलं तर फरक एका ओळीचा आहे. टॅकमध्ये बोटीची नाळ (पुढचं टोक) वाऱ्यातून पलीकडे जाते, जाईबमध्ये पिछाडी. दोन्हींत शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला येतं आणि वारा बोटीच्या दुसऱ्या अंगाला लागू लागतो. व्याख्या बरोबर आहे, पाण्यावर मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. नाळ की पिछाडी यावरून कोणी बुडत नाही.

टॅक तुम्हाला येतो असं धरून चालतो, म्हणून थोडक्यात. बोट वाऱ्याच्या शक्य तितकी जवळ, वेग पुरेसा, "रेडी टू टॅक" म्हणून सोबत्याला सावध करायचं, टिलर (सुकाणूचा दांडा) शिडाच्या बाजूला ढकलायचा, शीड फडफडलं की वाकून बाजू बदलायची आणि जिब (पुढचं लहान शीड) पलीकडे ओढून घ्यायचं. फसतो तो बहुतेक वेगाअभावी : बोट मधेच तोंड वाऱ्याकडे करून थिजते आणि मागे सरकू लागते. मग बूम हाताने एका बाजूला धरायचा, टिलरही त्याच बाजूला, आणि बोट आपोआप तोंड फिरवते. थोडी फजिती होते, इजा होत नाही.

आता खरा फरक. टॅकच्या मधोमध शीड रिकामं असतं. नाळ वाऱ्यात शिरली की दोन्ही बाजूंनी सारखाच वारा, शीड नुसतं फडफडतं, बूमवर जोर नसतो. शिवाय वाऱ्याजवळून जाताना बूम मधल्या रेषेपासून दहा-पंधरा अंशच बाहेर असतो, म्हणजे पलीकडे जायला त्याला वीस-तीस अंशच फिरावं लागतं. वेळ मिळतो, जोर कमी, अंतर कमी. चुकलात तरी शीड तुमची वाट बघत थांबतं.

जाईबमध्ये शीड कधीच रिकामं होत नाही. वारा मागून आहे, शीड भरलेलं आहे, बूम जवळजवळ बोटीच्या आडव्या रेषेत, म्हणजे ऐंशीएक अंश बाहेर आहे. पिछाडी वाऱ्यातून सरकली की वारा शिडाची मागची कड पकडतो आणि भरलेलं शीड तसंच भरलेलं दुसऱ्या बाजूला भिरकावतो. बूम दीडशे-एकशेसाठ अंशांचा फेरा घेतो आणि त्या फेऱ्यात त्याचा जोर कुठेच शून्यावर येत नाही. वाऱ्याच्या झोताने दार आपटतं तसा तो पलीकडे आपटतो. टॅकची सुरुवात तुम्ही करता आणि वेगही तुम्ही ठरवता. जाईबची सुरुवात तुम्ही केली तरी पुढचं वाऱ्याच्या हातात असतं. म्हणून "उलटा टॅक" हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, घातक आहे.

यातून एक गोष्ट निघते, ती बहुतेकांच्या मनाला पटत नाही. टॅक हळू झाला तर फसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाईबच्या वेळी मात्र घाबरलेला माणूस आपसूक वेग कमी करायला बघतो : शीट (शीड ओढायची दोरी) सैल सोडतो, बोट थोडी वाऱ्याकडे फिरवतो, "जरा थांबूया" म्हणतो. नेमकं हेच करायचं नसतं. वारा १२ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि बोट ५ नॉटने वाऱ्यासोबत पळते आहे, तर शिडाला जाणवणारा वारा ७ नॉटचाच. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर हिशेब ४९. तीच बोट भीतीने २ नॉटवर आणली तर जाणवणारा वारा १० नॉट, हिशेब १००. म्हणजे सुरक्षित वाटावं म्हणून बूमचा जोर तुम्ही स्वतःच दुप्पट केलात. जाईब करायचा तो बोट सगळ्यात जास्त पळत असताना. मागून लाट आली, पिछाडी उचलली गेली, बोट पुढे घसरायला लागली की तोच क्षण. गेटवेहून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचची लाटही यासाठी चालते, फक्त ती बाजूने न येता मागून आली पाहिजे.

आता क्रिया, दोन माणसांच्या एंटरप्राइझ वर्गातल्या बोटीवर. ही ४.०४ मीटर लांबीची बोट, मुख्य शीड आणि जिब, भारतातल्या क्लबांत अजून भरपूर दिसते. सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारा पाटा) एक तृतीयांश ते निम्मा खाली ठेवा. पूर्ण खाली असला तर बूम पलीकडे गेल्यावर बोट त्याला अडखळून कलंडते. पूर्ण वर असला तर ती डावी-उजवी डोलू लागते आणि सुकाणूला दाद देत नाही. किकर (बूम खाली धरून ठेवणारी दोरी) मध्यम ताणा : फार सैल असेल तर बूम वर उसळतो आणि शीड वर-खाली पिळलं जातं, फार ताठ असेल तर बोट कलंडल्याबरोबर बूमचं टोक पाण्यात शिरतं. "रेडी टू जाईब" म्हणून सोबत्याकडून उत्तर घ्या, नुसती मान हलवलेली चालणार नाही. टिलर स्वतःकडे, म्हणजे शिडाच्या विरुद्ध बाजूला, हळूच ओढा. हळूच म्हणजे खरोखर हळूच, दोन-तीन बोटं.

शीड जड वाटायचं थांबलं, मागच्या कडेला सुरकुती पडली, की सोबत्याने किकर पकडून किंवा चालकाने मेनशीटच्या (मुख्य शिडाच्या शीटच्या) सगळ्या दोऱ्या एका मुठीत धरून बूम पलीकडे फेकायचा. वाऱ्याने तो फेकण्याआधी. डोकं खाली, नजर पुढे. आणि बूम मधल्या रेषेवर आला त्याच क्षणी टिलर सरळ, किंवा केसभर उलट दिशेला. हे उलट वळण बहुतेक जण विसरतात. बूम पलीकडे आपटला की बोटीला वाऱ्याकडे तोंड फिरवायची ओढ लागते. टिलर तसाच ठेवलात तर बोट गर्रकन वळते, कलते आणि उताणी होते. पाण्यात गेलेले लोक म्हणतात, "बूममुळे पडलो". बूम तर कधीच पलीकडे गेलेला असतो. त्यांना पाडतं ते त्यानंतरच्या दोन सेकंदांत न फिरवलेलं सुकाणू. टिलरचे हात बदलायचे ते त्यानंतर, आधी नाही.

मोठ्या कीलबोटीवर (तळाला जड, पक्का पाटा असलेल्या बोटीवर) बूम हाताने फेकता येत नाही. तिथे मेनशीट ओढून बूम आधी मधोमध आणायचा, पिछाडी वाऱ्यातून न्यायची आणि शीट चटकन पण हातातून घसरू न देता सोडायची. एकट्याने चालवायच्या इल्का बोटीवर (पूर्वीची लेझर) मेनशीट मागच्या कोपऱ्यात अडकते, हे तिचं जुनं दुखणं : बूम मधोमध येताना शीटला एक कडक झटका द्या, म्हणजे दोरी कोपऱ्यावरून उडी मारते. डॅगरबोर्ड (सरळ वर-खाली सरकणारा तळाचा पाटा) फार वर असेल तर किकर त्यात अडकतो आणि बूम निम्म्यावरच थांबतो. याहून वाईट जागा नाही.

नकळत होणारा जाईब वेगळाच. टॅक नकळत होत नाही. बोट वाऱ्याकडे फिरली तर शीड फडफडून ओरडतं, सावध करतं. वाऱ्यासोबत मागून जाताना मात्र बोट शांत, वारा जाणवत नाही, माणूस गप्पा मारतो, आणि वारा वीस अंश फिरतो. पहिली खूण जिबची : मुख्य शिडाच्या आडोशात ते मरगळून लोंबतं. तेच जिब आपण बसलोय त्या बाजूला येऊन भरायला लागलं की वारा आता मुख्य शिडाच्या पाठीमागे चालला आहे. पुढची पाच सेकंदं तुमच्या हातात : टिलर शिडाकडे ढकला, बोट जरा वर, म्हणजे वाऱ्याकडे घ्या. यावर उत्तम उपाय म्हणजे नवशिक्यांनी वारा थेट पाठीवर घेऊन जायचंच नाही. पंधरा-वीस अंश बाजूला राहा, वाट थोडी लांबेल, लांबू द्या.

मुंबई बंदरात हे सगळं पहिल्या दिवशीच अंगावर येतं, त्याचं कारण वाऱ्याची दिशा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी मुख्य भूमीकडून मतलई वारा असतो, मंद, तीन-चार नॉटचा. मधे तासभर पाणी आरशासारखं. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दहा-बारा नॉटवर जातो. कुलाब्याच्या बाजूने उरण-करंजाकडे दुपारी निघालात तर वारा थेट पाठीशी. म्हणजे टॅक शिकून आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत जाईबच करावा लागतो, तोही शहराच्या इमारतींवरून तुकड्या-तुकड्याने उतरणाऱ्या वाऱ्यात. परतताना टॅकवर टॅक, आणि त्यात उधाणाची ओहोटी लागली तर बोट जागच्या जागी. (याच बंदरात १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती झाल्या, पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात. फायरबॉल वर्गात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांना सुवर्ण मिळालं.) ऑक्टोबरच्या संध्याकाळी आणखी एक धोका : परतीच्या पावसाचा गडगडाट. ढगाखालून आलेला गार झोत वारा क्षणात फिरवतो, आणि पाठीवर वारा घेऊन आरामात जाणाऱ्याचा जाईब आपोआप होतो. पूर्वेला ढग काळवंडले की शीड उतरवा, वाद घालू नका.

सकाळच्या मतलईत जाईब शिकवून "झालं" म्हणणाऱ्या प्रशिक्षकांवर आमचा राग आहे. ४ नॉटच्या तुलनेत १२ नॉटचा जोर नऊपट. सकाळी बूम हाताने ढकलावा लागतो, दुपारी तो हाताला झेपत नाही. सकाळ फक्त क्रम पाठ करायला. तिथेच थांबलात तर माणसाला हलका जाईब येतो आणि खोटा धीर येतो.

नियमाचा एक मुद्दा पटकन : समोरासमोर बोटी आल्या, दोघींना वारा वेगवेगळ्या अंगाने, तर डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीने वाट द्यायची. वारा पाठीशी असेल तर अंग कोणतं? मुख्य शीड ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध. म्हणजे जाईब केलात की तुमचा हक्कही बदलतो. इतकंच लक्षात ठेवा.

सामानाबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल, कारण पावसाळ्यात चार महिने पडून राहिलेल्या बोटीला टॅक माफ करतो, जाईब करत नाही. मेनशीटच्या पुलींत मीठ धरलेलं असतं; दोरी सैल सोडली तरी ती जात नाही, बूम निम्म्यावर थबकतो आणि बोट कलते. पुली गोड्या पाण्यात भिजवून चाक बोटाने फिरवा, खरखर आली तर पुन्हा भिजवा. बूम डोलकाठीला जिथे जोडलेला असतो तिथली पिन बाहेर काढून बघा, आत गंज असतो, बाहेरून चकचकीत दिसते. आपटणाऱ्या बूमचा सगळा झटका याच पिनेवर येतो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांच्या शॅकलना (जोडकड्यांना) तार बांधली आहे ना, हेही.

आणि वारा तुमच्या आवाक्याबाहेर असेल तर जाईब करूच नका. बोट वाऱ्याकडे वर घ्या, टॅक मारा, पुन्हा खाली उतरा. वळसा मोठा, पण शीड मधे एकदा रिकामं होतं आणि सगळं तुमच्या हातात राहतं. क्लबात कोणी "भित्रा जाईब" म्हणून हसलं तर हसू द्या. कोकणातल्या जुन्या गलबतांवरचे तांडेल याच्या नेमकं उलट करत : त्यांच्या तिरक्या शिडांना नाळ वाऱ्यातून नेणं अवघड, म्हणून ते पिछाडीनेच फिरत. पण त्यांच्याकडे दोऱ्यांवर माणसं होती आणि शीड आवरायला वेळ. तुमच्याकडे एक घाबरलेला सोबती आहे.

सरावासाठी दोन तरंगते गोळे पन्नास-साठ मीटर अंतरावर, वाऱ्याला आडव्या रेषेत टाका. दोन्हींना नेहमी एकाच हाताला ठेवून फिरलात तर एका टोकाला टॅक आणि दुसऱ्या टोकाला जाईब होतो. फरक हातात उतरतो. दोन्ही टोकांना वाऱ्याकडे वळलात तर आठाचा आकडा फक्त टॅकचा, दोन्हींना खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर वळलात तर फक्त जाईबचा. क्रम असा : आधी टॅकचा आठ, मग मिश्र फेरी, मग जाईबचा आठ, आणि तोही दुपारच्या वाऱ्यात ८ नॉटपर्यंतच. भरतीच्या टोकाला, पाणी थांबलेलं असताना करा. प्रवाह असेल तर गोळे आणि बोट यांच्यातलं अंतर डोळ्यादेखत बदलतं आणि चूक सुकाणूची की पाण्याची हे कोणालाच कळत नाही.