लेगोची रॅली कार आणि पांदण रस्त्यावरचा चिखल

झडीच्या दिवसांत यवतमाळ-वाशीमकडच्या पांदण रस्त्यानं वावरात निघालेला ट्रॅक्टर हमखास फसतो. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि रस्त्याचा गारा होतो. मागचं एक चाक गरगर फिरत चिखल उडवतं, दुसरं जागचं हलत नाही. इंजिन तर जोर लावतंय, मग तो जोर जातो कुठे? लेगोच्या ठोकळ्यांची रॅली कार बांधताना याचं उत्तर हातानं चाचपता येतं.

२०१९ साली लेगोनं एकाच खोक्यात दोन गाड्या दिल्या: १९६७ची मिनी कूपर एस आणि २०१८ची मिनी बग्गी. पुढच्या वर्षी ऑडी क्वाट्रो एस१ आली. मॉडेलं देखणी आहेत, पण त्यांची चाकं नुसती आसावर फिरतात. आतली यंत्रणा समजून घ्यायची तर लेगोच्याच टेक्निक मालिकेचे गिअर, आस आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) हवेत. पोरांच्या हाती आधी तेच द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही एकाच आसाला जखडली तर एक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल. एक चाक बोटानं धरून डिफरन्शियलचा डबा एक फेरा फिरवा. आतले तिरके गिअर धरलेल्या चाकाच्या गिअरवरून घरंगळत जातात आणि मोकळं चाक बरोबर दोन फेरे घेतं. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमी डब्याच्या फेऱ्यांच्या दुप्पट! मात्र पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर, दोन्हीकडे सारखाच जातो. निसटत्या चाकाला चिखल जेवढा विरोध करेल, तेवढाच जोर घट्ट जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आपले कास्तकार अशा वेळी डिफरन्शियल लॉकचं पॅडल दाबतात, ते याचसाठी. दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर निघतो.

१९८०ची क्वाट्रो चारही चाकांना जोर देणारी होती, त्यामुळे तिला तीन डिफरन्शियल लागली: पुढे, मागे आणि दोघांच्या मध्ये. मधलं आणि मागचं चालकाला लॉक करता येई. १९८२ आणि १९८४ या दोन्ही वर्षी ऑडीनं जागतिक रॅलीत उत्पादकांचं अजिंक्यपद पटकावलं.

चारचाकी जोराचा फायदा तिरक्या फळीवर मोजता येतो. घर्षण गुणांक (चाक आणि फळी यांच्यातल्या पकडीचा आकडा) ०.६ धरू. चारही चाकं एकत्र जखडलेली गाडी सगळं वजन पकडीसाठी वापरते आणि सुमारे ३१ अंशांचा चढ चढते. जोर मिळणाऱ्या चाकांवर निम्मंच वजन असेल तर जेमतेम १७ अंश. त्यातही चढावर वजन मागे सरकतं, म्हणून पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणखी आधी घसरते.

मग पुढच्या चाकांवर चालणारी मिनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली कशी जिंकली? तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स थेट पुढच्या चाकांवर बसलेले होते, त्या वजनानंच चाकांना पकड मिळे. ठोकळ्यांच्या गाडीत इंजिनाचं वजन नसतं, म्हणून पुढचं चाक फळीवर लगेच निसटतं. बॉनेटखाली सायकलचे दोन-चार नट-बोल्ट कोंबा आणि तीच फळी पुन्हा चढवून बघा, फरक तिथेच दिसतो.

बग्गीची कथा याहून वेगळी. डाकार या वाळवंटातल्या रॅलीत धावणाऱ्या या गाडीत जोर फक्त मागच्या चाकांना जातो, तरी २०२० साली चालक कार्लोस साइन्झ ती रॅली हिच्यातूनच जिंकले. दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना नियमांनी वजन कमी ठेवण्याची, मोठी चाकं लावण्याची आणि बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करण्याची मुभा होती. हवा कमी केली की टायर पसरतो, दाब मोठ्या जागेवर वाटला जातो आणि चाक वाळूत रुतत नाही. ठोकळ्यांच्या बग्गीला रुंद टायर लावून परातीतल्या रेतीवर हे तपासता येतं, मोटर नसली तरी हातानं ढकलून.