पार्श्वभूमी : ‘कच्चं लायसन्स’ आणि शेजारची जागा

मुलाला अठरा पूर्ण झाली की घरात घाई सुरू होते ती कच्च्या लायसन्सची. ते आलं की गाडीची चावी हातात. कायदा असं म्हणत नाही, पण ही समजूत जुनी आहे आणि तिला शब्दानेच खतपाणी घातलं आहे.

सरकारी मराठीत लायसन्स म्हणजे ‘अनुज्ञप्ती’. ‘परवाना’ हा शब्द तिथे रिक्षा-ट्रकच्या परमिटसाठी राखलेला. वर्तमानपत्रं दोन्हीला परवानाच म्हणतात, आणि लोक लायसन्स म्हणतात. इथवर गोंधळ निरुपद्रवी आहे. खरी अडचण पुढच्या शब्दात आहे. कागदावर असतं ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’. शिकाऊ हे माणसाचं वर्णन आहे : हा अजून शिकतो आहे. लोकांनी त्याचं ‘कच्चं’ केलं आणि ते कागदाचं वर्णन झालं. दुकानात कच्ची पावती मिळते, माल तोच असतो, पक्कं बिल मागाहून येतं. तसंच हेही, असा अर्थ मनात बसला.

1914 आणि 1939 च्या कायद्यांच्या काळात गाडी चालवणं हा बहुतांशी पगारी ड्रायव्हरचा धंदा होता. शिकाऊ माणूस उस्तादाच्या हाताखाली तयार व्हायचा. आजची चौकट आली 1988 च्या कायद्याने, जो 1 जुलै 1989 पासून लागू झाला, आणि त्यासोबतच्या केंद्रीय नियमांनी. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिन्यांसाठी, पक्क्या चाचणीआधी किमान तीस दिवस ती हातात हवी, आणि ती मिळण्याआधी चिन्हं, वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग यांवर प्राथमिक चाचणी. उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के.

याच नियमांतला तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच कुणी वाचत नाही. शिकाऊ माणसासोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडीवर ताबा ठेवू शकेल किंवा ती थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच. प्रत्यक्षात लाल टेप फाडून काचेवर दोन पट्ट्या चिकटवतात. त्या तरी दिसतात. शेजारी कुणी नसणं मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही.

हा नियम मोटारीच्या हिशोबाने लिहिला आहे. दुचाकीचं काय? मागे बसलेला माणूस ना हँडल धरू शकतो ना ब्रेक लावू शकतो. दुचाकीसाठी नियमात जोड आहे ती एवढीच, की शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवायचं नाही. मग एकट्याने चालवायची की नाही? शब्दशः वाचलं तर नाही; व्यवहारात सगळे एकट्यानेच चालवतात आणि नाक्यावरही ‘कच्चं आहे का? मग ठीक’ म्हणून सोडतात. महाराष्ट्रात बहुतेकांची पहिली गाडी स्कूटर किंवा मोटारसायकल असते, म्हणजे नियमाचा सर्वांत धूसर भाग सर्वांत जास्त नवशिक्यांच्या वाट्याला आला आहे. विम्याच्या वादात 2004 च्या एका निकालाने शिकाऊ अनुज्ञप्ती हीसुद्धा अनुज्ञप्तीच, असं मानलं. अपघातग्रस्तांना भरपाई मिळण्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण त्यातून लोकांनी उचललं ते एवढंच : कच्चं चालतं.

चाचणीही फार कडक कधी नव्हती. माझी झाली तालुक्याच्या कॅम्पात. टेबलावर चिन्हांचा कळकट तक्ता, साहेबांनी पेनच्या टोकाने दोन चिन्हं दाखवली. लाल त्रिकोण म्हणजे सावधान, लाल गोल म्हणजे हुकूम, हे एजंटाने रांगेतच पढवलं होतं. तिसरा प्रश्न आला नाही. मला शिकवणार कोण, हेही कुणी विचारलं नाही. पुढे संगणक आले : पंधरा प्रश्न, नऊ बरोबर. निदान साहेबांची मर्जी त्यातून गेली.

मग जून 2021 मध्ये राज्याने ही चाचणी घरबसल्या देण्याची सोय केली. करोनाची दुसरी लाट होती आणि आरटीओतली गर्दी हटवणं गरजेचं होतं. 2019 च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक शिकाऊ अनुज्ञप्तीला आधीच वाट करून दिली होती. आधार क्रमांक, रस्तासुरक्षेचा व्हिडिओ, मग प्रश्न. खेड्यातल्या मुलीचा जिल्ह्याच्या ठिकाणचा हेलपाटा वाचला, हे मी कमी लेखत नाही. पण सुरुवातीला व्हिडिओ टेबलावर चालू ठेवून लोक चहा करायला जायचे, आणि उत्तरं थोरला भाऊ देतो की सायबर कॅफेवाला, हे पडद्याला कळत नव्हतं. 2019 च्याच दुरुस्तीने विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजार केला. दंड वाढला त्याच काळात ज्ञान तपासणं सैल झालं, आणि हा निर्णय लाट ओसरल्यावर तरी फेरतपासायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

2021 मध्येच दुसरी वाटही निघाली : मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं. हलक्या मोटारीसाठी 29 तास, त्यातले 21 प्रत्यक्ष चालवण्याचे; तिथलं प्रमाणपत्र असेल तर आरटीओची चाचणी माफ. 2024 च्या मे महिन्यात ‘1 जूनपासून कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लायसन्स’ अशा बातम्या पसरल्या आणि खुलासा करावा लागला की सवलत फक्त या केंद्रांनाच, गल्लीतल्या स्कूलच्या प्रमाणपत्राला नाही. दुचाकीवर शिकवणाऱ्याने बसायचं कुठे, याचा खुलासा त्यात नव्हता.