'ग्रीनलँड' म्हणजे छोटा '2012' नव्हे

जगबुडीच्या सिनेमांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "'ग्रीनलँड' म्हणजे '2012'च की! फक्त पैसे कमी पडले म्हणून पडझड कमी." आणि त्याला जोडून, "त्यात काही दिसतच नाही." हे इतक्यांदा कानावर येतं की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. एकाच्या अपेक्षा घेऊन दुसरा बघायला बसलं की दुसरा हातातून निसटतो, आणि इथे निसटणारा सिनेमा या दोघांत अधिक चांगला आहे.

'2012' तुम्ही पाहिला असणारच, म्हणून त्याची फक्त उजळणी. रोलंड एमरिकचा 2009चा सिनेमा. जॉन क्युसॅकने रंगवलेला जॅक्सन कर्टिस हा फारसा न खपलेला लेखक, पोटासाठी लिमोझिन चालवणारा. घटस्फोटित बायको, दोन मुलं आणि बायकोचा नवा जोडीदार गॉर्डन यांना घेऊन तो कोसळत्या लॉस एंजेलिसमधून निघतो आणि चीनमध्ये, हिमालयात गुपचूप बांधलेल्या अजस्र जहाजांपर्यंत पोचतो. 'ग्रीनलँड' 2020चा, रिक रोमन वॉने दिग्दर्शित केलेला. जेरार्ड बटलर यात जॉन गॅरिटी आहे, अटलांटात राहणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर. बायको अ‍ॅलिसनशी बिनसलेलं आहे आणि नेथन हा मुलगा मधुमेही, इन्सुलिनवर अवलंबून. क्लार्क नावाचा धूमकेतू पृथ्वीजवळून जाणार म्हणून लोक कौतुकाने टीव्हीसमोर बसतात, आणि त्याचा पहिला मोठा तुकडा फ्लोरिडातल्या टॅम्पावर येऊन आदळतो.

आता गल्लत का होते तेही उघड आहे. दोन्हीकडे मोडत आलेला किंवा मोडलेला संसार, दोन्हीकडे घरी परतू पाहणारा बाप, सरकारला आधीपासून असलेली माहिती, गुप्त आसरा, गाडी, मग विमान, मग आणखी एक विमान. कागदावर सारांश लिहिला तर निम्मी वाक्यं दोन्ही सिनेमांना चालतील.

संकटाचं कारण वेगळं आहे, पण त्यावर फार वेळ घालवू नये. '2012'मध्ये सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीचा गाभा तापवतात. खरे न्यूट्रिनो दर सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने आपल्या शरीरातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, त्यामुळे हे सोडूनच द्यावं. 'ग्रीनलँड'चा धूमकेतू मात्र एका बाबतीत खऱ्याच्या जवळ आहे. धूमकेतू फुटतात आणि त्यांचे तुकडे एकामागून एक आदळू शकतात. जुलै 1994मध्ये शूमेकर-लेव्ही 9 या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे सहा-सात दिवस गुरूवर आदळत राहिले आणि जगभरच्या दुर्बिणींनी ते पाहिलं. सिनेमातला ताण याच मांडणीवर उभा आहे. लहान तुकडे दिवसभर पडत राहतात आणि सगळ्यात मोठा कधी पडणार ते सगळ्यांना माहीत असतं.

खर्चाचाही मुद्दा येतोच. '2012'वर सुमारे 20 कोटी डॉलर खर्च झाले, 'ग्रीनलँड'वर सुमारे साडेतीन कोटी. म्हणून 'ग्रीनलँड'मध्ये शहरं लांबून आणि ओझरती कोसळतात, हे खरं. पण पैसे जास्त मिळाले असते तर हाच सिनेमा '2012' झाला असता, हे मला मुळीच मान्य नाही.

खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे: आसऱ्याची जागा कुणाला मिळते, कशी मिळते, आणि ती मिळवताना आपल्या माणसांना काय करावं लागतं.

'2012'मध्ये जागा विकत मिळते, माणशी 1 अब्ज युरो. जॅक्सनकडे तेवढे पैसे असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे सुरुवातीपासून तो नाकारलेल्यांच्या बाजूला उभा आहे, आणि प्रेक्षक आपोआप त्याच्या बाजूने. गुन्हेगार ठरतात ते तिकीट विकणारे आणि विकत घेणारे. जॅक्सनच्या वाट्याला एकच काम उरतं, पळणं. आधी लिमोझिनने, मग छोट्या विमानाने, मग भल्यामोठ्या रशियन मालवाहू विमानाने. लॉस एंजेलिसचा प्रसंग आठवा. रस्ता मागून दुमडत येतोय, उड्डाणपूल कोसळतोय, आणि लिमोझिन पडत्या इमारतीतून पलीकडे निघते. त्या काही मिनिटांत शेकडो माणसं मरताना दिसतात, पण एकही माणूस गाडीच्या काचेवर हात मारून "आम्हालाही घ्या" म्हणत नाही. तसं झालं तर सिनेमाचा वेग थांबेल. एमरिकला ते नको आहे, आणि त्याच्या सिनेमापुरतं ते बरोबरही आहे.

शेवटाकडे बघा, म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. हे कुटुंब जहाजात चोरून शिरतं तेव्हा दरवाजाच्या यंत्रणेत अडथळा येतो. दरवाजा बंद होत नाही, आणि तो बंद झाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. म्हणजे आपल्या लाडक्या कुटुंबाच्या शिरण्यामुळे जहाजावरच्या सगळ्यांचा जीव धोक्यात आलेला असतो. एवढा मोठा नैतिक प्रश्न हातात आयता आलेला असताना सिनेमा तो विचारतच नाही. जॅक्सन पाण्यात उडी मारतो, अडथळा काढतो आणि टाळ्या घेतो. त्याच यंत्रणेत गॉर्डन चिरडून मरतो. ज्याने विमान उडवून या सगळ्यांना वाचवलं तो मरतो, आणि थोड्याच वेळात बायको पहिल्या नवऱ्याच्या मिठीत असते. या एका गोष्टीचा मला आजही राग येतो. कुटुंब वाचवण्याच्या गोष्टीत त्याच कुटुंबातला एक माणूस असा रस्त्यातून दूर करायचा, आणि त्याच्यासाठी कुणी धड रडायचंही नाही.

'ग्रीनलँड'मध्ये सगळं उलट बाजूने सुरू होतं. ग्रीनलँडमधल्या गुप्त बंकरातली जागा विकत मिळत नाही, सरकार निवडतं. पुढे जग उभारायला कोण उपयोगी पडेल ते बघून यादी बनते. जॉन इंजिनीअर आहे म्हणून फोनवर त्याच्या नावाने निरोप येतो, आणि मग तोच निरोप घरातल्या टीव्हीवर झळकतो. तेव्हा दिवाणखाना शेजाऱ्यांनी भरलेला असतो. धूमकेतू बघायला सगळे एकत्र जमलेत, मुलं खेळताहेत, आणि पडद्यावर एकाच घराचं नाव. बाकीचे आपापले फोन काढून बघतात. कुणालाच काही आलेलं नसतं.

या दृश्यात एकही इमारत पडत नाही. तरीही पुढचा सगळा सिनेमा इथेच ठरतो, कारण गॅरिटी कुटुंब आता निवडलेल्यांच्या बाजूला आहे. ते गाडीत सामान भरून निघतात तेव्हा शेजारीण आडवी येते आणि म्हणते, आम्ही राहिलो तरी चालेल, निदान मुलीला घेऊन जा. ती मुलगी नेथनच्याच बरोबरीची. जॉनला कळतं की निवडलेल्यांना जिथून विमानाने नेणार त्या लष्करी तळावर तिला आत घेणार नाहीत आणि मग ती आईबापांपासून तुटून एकटी पडेल. तो नाही म्हणतो आणि गाडी काढतो. तो बरोबर वागला का, हे सिनेमा सांगत नाही. मला विचाराल तर तो बरोबरच वागला, आणि तरीही ते दृश्य पाहवत नाही. '2012'च्या अडीच तासांहून जास्त लांबीत अशी एकही जागा नाही.

मग दिग्दर्शक तीच यादी या कुटुंबावर उलटवतो. तळावर पोचल्यावर कळतं की इन्सुलिन गाडीतच राहिलंय. जॉन ते आणायला मागे जातो. तेवढ्यात अ‍ॅलिसनला सांगितलं जातं की जुनाट आजार असलेल्यांना विमानात घेता येत नाही. म्हणजे नेथन बाद. पुष्कळांना इथला ताटातुटीचा भाग ओढूनताणून आणलेला वाटतो. "एवढं महत्त्वाचं औषध कोण विसरतं?" असं विचारणाऱ्यांनी घाबरलेलं घर निघताना कसं निघतं याचा जरा विचार करावा. शिवाय ते औषध म्हणजे नुसती पळवाट नाही. ज्या मुलाला वाचवायला निघालात तोच तुमच्या यादीत बसत नाही, ही या सिनेमाची मुख्य गोष्ट त्या औषधामुळेच उघडी पडते.

आणि इथून धोका आकाशातून कमी, माणसांकडून जास्त येतो. रस्त्यात मदत करणारं एक साधं दिसणारं जोडपं अ‍ॅलिसनला आणि नेथनला गाडीत घेतं. नवऱ्याची नजर त्यांच्या मनगटावरच्या, निवडलेल्यांची खूण म्हणून दिलेल्या पट्ट्यांवर जाते. थोड्या वेळाने अ‍ॅलिसन रस्त्यावर ढकललेली असते आणि नेथनला आपला मुलगा म्हणून पुढे करत ते दोघं दुसऱ्या तळाकडे निघालेले असतात. ती दोघं खलनायक नाहीत, त्यांनाही जगायचंय. जॉनच्या बाबतीत तर गोष्ट आणखी पुढे जाते. मनगटपट्टीसाठी त्याच्यावर हल्ला होतो आणि तो हातोडीने एका माणसाला मारतो. सिनेमा त्याचा विजय साजरा करत नाही. त्यानंतरचा जॉन गप्प झालेला असतो, आणि बटलरने एरवीच्या धडाकेबाज भूमिकांतला रुबाब इथे पूर्ण बाजूला ठेवलाय.

म्हणून "नायक काहीच करत नाही" ही तक्रार ऐकली की वाटतं, हे प्रेक्षक त्याच्याकडून धूमकेतू फोडायची वाट बघत होते. ते काम करणारे सिनेमे वेगळे आहेत. 1998च्या 'आर्मागेडन'मध्ये तेलविहिरी खणणारे लोक अवकाशात जाऊन लघुग्रहाला भोक पाडतात. इथे संकट थांबवायचा प्रयत्नही होत नाही, आणि तो का होत नाही हे विचारत बसायचं कारण नाही.

नातं जोडायचंच असेल तर 'ग्रीनलँड'चं नातं 'डीप इम्पॅक्ट'शी जोडा. तोही 1998चाच, तिथेही धूमकेतू. मिसुरीतल्या गुहांत 10 लाख अमेरिकनांची सोय केलेली असते: 2 लाख लोक कामाच्या उपयोगाप्रमाणे आधीच निवडलेले, उरलेले 8 लाख सोडत काढून, तेही पन्नाशीच्या आतले. तिथेही यादीत असलेल्या आणि नसलेल्या घरांमध्ये एक कुंपण उभं राहतं, आणि आईबाप तान्हं मूल थोरल्या मुलीच्या हाती सोपवून मागे थांबतात. 'ग्रीनलँड'ने तिथला हाच धागा उचलला आणि राष्ट्राध्यक्ष, अंतराळवीर, वृत्तनिवेदिका असे सगळे फाटे छाटून एका घरापुरता ठेवला. '2012'शी तुलना करणाऱ्यांना हे नातं कसं दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

'ग्रीनलँड'मध्ये खोट नाही असं मी म्हणत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात योग जरा जास्तच जुळून येतात. कॅनडातलं छोटं विमान अगदी वेळेवर सापडतं, ग्रीनलँडमधलं उतरणंही जेमतेम पण निभावतं. नवरा-बायकोचं मनोमीलन मात्र '2012'पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. चूक कुणाची होती हे आधी उच्चारलं जातं, आणि जवळीक त्यानंतर येते.

पाहण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. '2012' मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात, पडझडीसाठी पाहावा. लहान पडद्यावर त्याचं निम्मं बळ जातं. 'ग्रीनलँड' करोनाच्या काळात अमेरिकेत घरबसल्या पाहण्यासाठीच प्रदर्शित झाला आणि त्यात त्याचं फार बिघडलं नाही, कारण तो बराचसा गाडीच्या आत आणि चेहऱ्यांवर घडतो. दोन्ही एकाच रात्री लागोपाठ पाहू नका. आधी '2012' पाहिलात तर 'ग्रीनलँड'मधला तो टीव्हीवरचा निरोप तुम्हाला संथ वाटेल.

पुढचा भाग, 'ग्रीनलँड 2: मायग्रेशन', या तुलनेत आणू नये. त्यात गॅरिटी कुटुंब बंकर सोडून उद्ध्वस्त युरोपातून वाट काढतं. जग संपून गेल्यानंतरची ती गोष्ट आहे, तिथे कुणाची यादी उरलेली नाही.