अमेरिकेतलं खासगी तळ्याचं धरण: धोकावर्ग कसा ठरतो, कागदपत्रं कोणती लागतात

मासे धरायला, नाव चालवायला, पोहायला म्हणून बांधलेलं मातीचं छोटं धरण जमिनीसोबत विकत घेतलं की त्याची जबाबदारीही नव्या मालकावर येते. अमेरिकेत नोंदलेल्या धरणांपैकी निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत.

धोकावर्ग म्हणजे धरणाच्या तब्येतीचा दाखला नव्हे. धरण फुटलं तर खालच्या अंगाला काय होईल, एवढंच तो सांगतो. भक्कम धरण ‘उच्च’ वर्गात असू शकतं आणि गळकं ‘कमी’ वर्गात. प्रकृतीची पाहणी वेगळी होते, तिचे शेरेही वेगळे.

वर्ग तीन. नुकसान बहुतेक मालकाच्याच जमिनीपुरतं राहणार असेल तर ‘कमी’. जीवितहानी संभवत नाही, पण रस्ता, वीज, पाणीपुरवठा किंवा इतरांची मालमत्ता बाधित होईल, तर ‘लक्षणीय’. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर ‘उच्च’. त्यासाठी ओढ्याकाठी माणसं राहत असलेलं एक घरही पुरू शकतं. म्हणूनच धरणाला हातही न लावता वर्ग बदलतो: कमी वर्गाच्या धरणाखाली वीस वर्षांनी घरं उठली, की वर्ग चढतो आणि सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) क्षमतेचे निकषही कडक होतात.

आपलं धरण नियमात येतं का, हे राज्याच्या धरण सुरक्षा कार्यालयाला विचारा, कारण मर्यादा राज्यागणिक वेगळ्या आहेत. राष्ट्रीय नोंदीसाठी 25 फूट वा अधिक उंची आणि 15 एकर-फुटांहून (एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट खोल पाणी) जास्त साठा, किंवा 6 फुटांहून जास्त उंची आणि किमान 50 एकर-फूट साठा, असा निकष आहे. उच्च आणि लक्षणीय वर्गाला आकाराची अट नाही. 50 एकर-फूट म्हणजे सुमारे सहा कोटी लिटर पाणी, त्यामुळे ‘छोटं’ हा शब्द जपून वापरावा.

मालकीची कागदपत्रं जवळ हवीतच. परवानाधारक अभियंत्याकडून साधारणपणे हे तयार करून घ्यावं लागतं: बांधकामाचे नकाशे (नसल्यास नव्याने मोजणी), पाणलोट आणि पुराचं गणित, सांडव्याची क्षमता, आणि धरणफुटीचा अभ्यास. धरणफुटी दोन प्रकारे तपासतात: कोरड्या दिवसाची आणि ऐन पुरातली. त्यातून पाणी कुठवर पोहोचेल याचा नकाशा निघतो, वर्ग त्यावरच ठरतो. उच्च वर्गासाठी आपत्कालीन कृती आराखडा सहसा सक्तीचा असतो. कोण कोणाला फोन करणार, हे त्यात नावानिशी लिहा. मला हा कागद सगळ्यांत मोलाचा वाटतो.

6 नोव्हेंबर 1977 ला जॉर्जियातल्या टोकोआ फॉल्स इथे एका कॉलेजच्या तळ्याचं मातीचं धरण जोराच्या पावसानंतर रात्री फुटलं. 39 जण गेले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने धरण सुरक्षा कायदा केला. त्याआधी, 1889 मध्ये, पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण फुटून 2,200 हून अधिक माणसं मेली. ते एका मासेमारी क्लबचं होतं. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावलेल्या होत्या. आजही तळ्यांवर अशा जाळ्या लावतात. त्यांत कचरा अडकून सांडवा तुंबतो. लावू नका.

दुरुस्तीच्या पैशासाठी संघराज्याची अनुदान योजना आहे, पण ती उच्च वर्गाच्या धरणांसाठी, राज्यामार्फत, आणि स्थानिक शासन किंवा ना-नफा संस्थेलाच मिळते. एकट्या मालकाला थेट अर्ज करता येत नाही. तळ्याभोवतीच्या रहिवाशांची ना-नफा संस्था असेल, तर मात्र राज्य कार्यालयात जरूर चौकशी करा.