व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड आणि ग्राहकांचे तारे

व्हॅक्यूम क्लीनर घेताना बहुतेक जण दोन आकडे पाहतात: मोटर किती वॅटची आहे आणि शोषणदाब किती पास्कल आहे. त्यानंतर इतर ग्राहकांनी किती तारे दिले आहेत, यावर नजर जाते. जमिनीवरच्या धुळीची गाठ मात्र नळीच्या टोकाला बसवलेल्या त्या चपट्या, रुंद तोंडाशी पडते, ज्याला हेड किंवा नोझल म्हणतात. यंत्र चांगले झाडते की नाही, हे बऱ्याच अंशी या तोंडाच्या रचनेवर ठरते; आणि नेमक्या याच बाबतीत ग्राहकांचे अभिप्राय सर्वांत कमी भरवशाचे असतात. असे का होते, हे समजण्यासाठी आधी त्या तोंडाखाली काय घडते ते पाहावे लागेल.

जाहिरातीतला पास्कलचा आकडा बहुधा हवेची वाट पूर्ण बंद करून मोजलेला असतो. २० हजार पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक पंचमांश, आणि तो ऐकायला भारदस्त वाटतो. पण वाट बंद असताना हवा वाहतच नाही, आणि हवा वाहत नसेल तर धुळीचा एक कणही जागचा हलत नाही. उलट तोंड सताड उघडे ठेवले, तर हवा भरपूर वाहते, पण दाबातला फरक जवळजवळ उरत नाही. खरे काम या दोन टोकांच्या मध्ये होते. दाबातला फरक आणि दर सेकंदाला वाहणारी हवा यांचा गुणाकार केला, की हवेला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती वॅटमध्ये कळते. १० हजार पास्कलचा फरक राखून सेकंदाला २० लिटर हवा वाहत असेल, तर ही शक्ती २०० वॅट भरते. मोटर विजेच्या तारेतून किती वॅट घेते, हा आकडा वेगळा आणि बराच मोठा असतो. त्यातला मोठा भाग उष्णतेत आणि आवाजात जातो.

शोषणाची आणखी एक मर्यादा सहसा लक्षात येत नाही. फुंकर मारून मेणबत्ती हातभर अंतरावरून विझवता येते. श्वास आत ओढून ती विझवू पाहिले, तर ओठ ज्योतीपर्यंत न्यावे लागतील. फुंकलेली हवा एका दिशेने झोताच्या रूपात जाते, तर ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते आणि त्यामुळे तोंडापासून दूर जाताच तिचा वेग झपाट्याने उतरतो. कारखान्यांतील वायुवीजनाची आखणी करणारे अभियंते एक ठोकताळा वापरतात: झोताचा वेग मूळ वेगाच्या १० टक्क्यांवर यायला नळीच्या व्यासाच्या ३० पट अंतर लागते, शोषणाच्या बाबतीत मात्र तेवढीच घसरण अवघ्या एका व्यासाच्या अंतरात होते. म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर दुरून धूळ ओढतो, ही कल्पनाच सोडून द्यायला हवी. त्याला हवा जमिनीला अगदी चिकटून, अरुंद फटीतून पळवावी लागते, आणि ही फट घडवणे हेच हेडचे मुख्य काम आहे.

हिशेब करून पाहू. हेडच्या एकाच बाजूने हवा आत येते आणि तिथली फट २८ सेंटिमीटर लांब व एक सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर सेकंदाला २८ लिटर हवा तिच्यातून सेकंदाला १० मीटर वेगाने जाईल. फट निम्मी केली तर वेग दुप्पट व्हायला हवा. पण फट अरुंद झाली की तिचा रोधही वाढतो, वाहणारी हवा कमी होते आणि दुप्पट वेगाचा हिशेब पुरता जमत नाही. शिवाय आणखी एक अडचण आहे. पुढची कड जमिनीला टेकवली, तर बारीक धूळ छान उचलली जाते, पण धान्याच्या दाण्याएवढे मोठे कण आत शिरतच नाहीत. हेड त्यांना पुढे ढकलत नेते. कड वर उचलली किंवा तिला खाचा ठेवल्या, तर मोठे कण आत येतात, पण वेग पडतो आणि फरशीच्या सांध्यांतली धूळ तिथेच राहते. चाकांची उंची, मागच्या रबरी पट्टीचा ताठरपणा, पायाने दाबून बाहेर काढायचे ब्रशचे केस यांतला प्रत्येक बदल म्हणजे या ओढाताणीतली एकेक तडजोड आहे. सर्व प्रकारच्या जमिनींवर सारखेच उत्तम चालणारे हेड, असा दावा म्हणूनच मला नेहमी संशयास्पद वाटतो.

बारीक धुळीचे गणित आणखी वेगळे आहे. वाहत्या हवेचा वेग पृष्ठभागाला अगदी लागून शून्य असतो आणि वर जाताना हळूहळू वाढतो. काही मायक्रोमीटर आकाराचा कण या मंद थरातच बुडालेला असतो. त्याला जमिनीशी धरून ठेवणारे व्हॅन डर वाल्स बल (रेणूंमधले परस्पर आकर्षण) ढोबळमानाने कणाच्या व्यासाच्या प्रमाणात असते, तर हवेचा रेटा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. कण दहापट लहान झाला, की त्याला धरून ठेवणारे बल दहापट घटते आणि ढकलणारे बल शंभरपट. त्यामुळे अतिसूक्ष्म धुळीपुढे नुसती हवा हतबल ठरते. आधी कशाने तरी घासून तो कण सुटा करावा लागतो.

फिरत्या ब्रशचे महत्त्व इथे आहे. १९०१ साली ब्रिटिश अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने घडवलेले प्रचंड यंत्र केवळ हवेच्या ओढीवर चालत असे. ते घोडागाडीवरून नेऊन रस्त्यावर उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील सफाई कामगार जेम्स मरे स्पँग्लर याने १९०८ साली ज्या लहान यंत्राचे पेटंट मिळवले, त्यात पंख्याच्या जोडीला फिरता ब्रश होता. पुढे त्याचे हक्क हूवर कुटुंबाच्या व्यवसायाकडे गेले. गालिचाच्या लवेत खोल रुतलेली वाळू बाहेर काढायची तर लव हलवावी, पिंजावी लागते, आणि ते काम ब्रश करतो. हवा केवळ सुटलेले कण वाहून नेते. गुळगुळीत फरशीवर मात्र ताठ केसांचा वेगवान ब्रश मोठे कण मागे भिरकावतो, म्हणून तिथे मऊ, लोकरीसारखा रोलर वापरतात, जो कणांवरून दबून जातो आणि त्यांना आत घेतो.

आता हे सारे ग्राहकाला कसे जाणवते ते पाहू. ज्या हेडची गालिचाशी पकड चांगली, ते ढकलायला जड जाते, कारण बाहेरच्या हवेचा दाब त्याला खाली रेटत असतो. ‘ढकलताना हात दुखतो’ असे लिहून ग्राहक दोन तारे देतो. हवा मुद्दाम आत सोडणारी झडप उघडी असलेले, त्यामुळे गालिचावरून अलगद सरकणारे हेड त्याच ग्राहकाकडून पाच तारे मिळवते, मग लवेतली वाळू तिथेच का राहीना. आवाज मोठा असला की ताकद जास्त, असाही समज असतो. प्रत्यक्षात आवाज हा वाया गेलेल्या शक्तीचा भाग आहे. हेडच्या पुढे बसवलेला दिवा जमिनीला जवळजवळ समांतर प्रकाश टाकतो, त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या कणांच्याही सावल्या पडतात आणि हेड पुढे गेल्यावर त्या नाहीशा होताना दिसतात. राहिलेली धूळ दाखवायला हा दिवा उपयोगी आहेच, पण त्याने शोषण कणभरही वाढत नाही. समाधान मात्र वाढते, आणि तारे समाधानाला मिळतात.

सर्वांत फसवा पुरावा धूळपेटीचा असतो. ‘जुन्या यंत्राने खोली झाडली, लगेच नवे फिरवले, तर पेटी भरून धूळ निघाली’ असे वाक्य अभिप्रायांत नेहमी आढळते, आणि ते लिहिणारा प्रामाणिकच असतो. परंतु गालिचा हा धुळीचा मोठा साठा आहे. एका फेरीत तो कधीच रिकामा होत नाही. कोणत्याही यंत्राने झाडल्यावर कोणतेही दुसरे यंत्र फिरवले, अगदी तेच यंत्र पुन्हा फिरवले, तरी आणखी काहीतरी निघतेच. ताठ ब्रशच्या बाबतीत तर पेटीतला बराचसा ऐवज धूळ नसून गालिचाचेच तुटलेले तंतू असू शकतात. तुलना खरी व्हायची तर क्रम उलटून पाहायला हवा: आधी नवे, मग जुने. ही उलटी फेरी कोणी मारलेली मला तरी वाचायला मिळाली नाही, कारण नव्या वस्तूचे पैसे मोजलेल्या माणसाला ती सुचण्याचे काही कारण नसते.

खोटे, पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय हा वेगळा रोग आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा नियम आणला. तरी सगळे अभिप्राय खरे मानले म्हणून सरासरी विश्वसनीय होत नाही. दे लांग, फर्नबाख आणि लिक्टनस्टीन या संशोधकांनी २०१६ मध्ये १२० प्रकारांतल्या १,२७२ वस्तूंचे ग्राहक-तारे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेच्या चाचणीगुणांशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंतला मेळ फारच कमी निघाला. कोण लिहायला बसतो, हाही प्रश्न आहे: फार खूश झालेला आणि फार चिडलेला, हे दोघेच बहुधा कळफलकाकडे वळतात. शिवाय पहिल्यांदा दिसलेले मत पुढच्याला ओढते. मुचनिक, अरल आणि टेलर यांनी २०१३ मध्ये एका संकेतस्थळावरच्या टिप्पण्यांना स्वैरपणे एकेक अनुकूल मत देऊन पाहिले. अशा टिप्पण्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले.

मग प्रयोगशाळेवर डोळे मिटून विसंबावे का? तिथे शिस्त असते. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेच्या मानकानुसार ९० टक्के वाळू व १० टक्के टाल्क (एका मऊ खनिजाची भुकटी) यांचे मिश्रण गालिचात रुजवून, ठरावीक फेऱ्यांनंतर किती निघाले ते वजन करून पाहतात. पण मानकालाही आंधळे कोपरे असतात. युरोपीय संघाने २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरवर लावलेल्या ऊर्जालेबलात टणक जमिनीच्या ‘अ’ श्रेणीसाठी धूळ उचलण्याचे प्रमाण किमान १.११ असावे, अशी अट होती. शंभर टक्क्यांहून जास्त धूळ कशी उचलणार, असा प्रश्न पडेल. चाचणी जमिनीतल्या फटीत भरलेल्या धुळीची असे, आणि चांगली पकड असलेले हेड स्वतःच्या रुंदीबाहेरच्या फटीतूनही धूळ ओढून घेई. अशा चाचणीत जमिनीला घट्ट टेकणारे हेड उजवे ठरणार, आणि मोठे कण पुढे ढकलण्याचा त्याचा दोष त्या आकड्यात उमटणार नाही. शिवाय या चाचण्या रिकाम्या धूळपेटीने होत. पेटी व गाळणी भरत गेल्यावर हवेचा प्रवाह मंदावतो, ते त्यात धरलेच जात नव्हते. व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी डायसन कंपनी या मुद्द्यावर न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय सामान्य न्यायालयाने लेबलाचा तो नियमच रद्द केला.

म्हणून अभिप्राय वाचताना ताऱ्यांची सरासरी मी जवळजवळ वगळतो. ज्या गोष्टी साधा डोळा आणि साधा हात नेमक्या ओळखतो, त्यांबाबत मात्र ग्राहकांसारखा साक्षीदार नाही: लांब केस रोलरच्या टोकांना गुंडाळून बेअरिंगपर्यंत पोचतात का, कात्रीशिवाय ते निघतात का, हेड पलंगाखाली शिरते का, पट्टा किती महिन्यांत सैल पडतो, बॅटरी वर्षभरानंतर किती वेळ टिकते, सुटा भाग मागितल्यावर मिळतो का. अशा बाबतींत पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या पाच ताऱ्यांपेक्षा दीड वर्षाने लिहिलेला तीन ताऱ्यांचा मजकूर जास्त मोलाचा ठरतो. लिहिणाऱ्याने आपली जमीन कोणती ते सांगितले आहे का, हेही पाहावे. लाद्यांवरच्या अनुभवाचा जाड लवेच्या गालिचाला काहीच उपयोग नसतो. विक्रेत्याने त्याच नावाखाली हेड बदलले आहे का, हे जुन्या आणि नव्या अभिप्रायांतली छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिले, तर बऱ्याचदा कळते. धूळ किती निघते याचा निकाल स्वतःच लावायचा असेल, तर एकाच गालिचाचे दोन सारखे भाग करावेत, एका भागावर आधी एक यंत्र आणि मग दुसरे, दुसऱ्या भागावर नेमका उलटा क्रम, फेऱ्या तेवढ्याच, आणि प्रत्येक खेपेला पेटीतला ऐवज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगळा मोजावा.