चुलीला अनुदान आणि चूलप्रचारकाला आधार: खर्च दोन, कामंही दोन

जळण वाचवणाऱ्या चुली गावोगावी पोचवणाऱ्या योजनांमध्ये ‘स्थानिक प्रचारकांना साहाय्य’ अशी एक ओळ हमखास असते. पण खालचा तपशील पाहिला, तर अनेकदा पैसा चुलींवरच गेलेला दिसतो. प्रचारकाच्या वाट्याला येतं ते बसवलेल्या दर चुलीमागे ठरावीक मानधन. दोन्ही खर्च एकाच कामासाठी असल्यामुळे ते एकच समजले जातात आणि माझ्या मते बऱ्याच योजना इथेच फसतात.

अनुदानामुळे चुलीची किंमत कमी होते. चूल घरात आली की त्याचं काम संपलं. प्रचारकाला दिलेला आधार म्हणजे चूल आल्यानंतरचे महिने सांभाळणाऱ्या माणसाची सोय. खरी अडचण त्याच महिन्यांत येते.

रॉकेट चूल घ्या. अमेरिकी अभियंते लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या या रचनेत लाकडाची फक्त टोकं जळायची असतात. जळण आडव्या फळीवर ठेवायचं आणि फळीच्या खालून हवा आत जाऊ द्यायची. पण वर्षानुवर्षांच्या सवयीनं पहिल्याच दिवशी जाड लाकूड तोंडापर्यंत कोंबलं जातं. खालची वाट राखेनं बुजते, ज्योत मरते आणि चूल नुसती धुमसते. घरातले म्हणतात, यापेक्षा जुनीच बरी होती. अशा वेळी ओळखीची प्रचारक बाई शेजारी बसते, दोन काटक्या बाहेर ओढते, राख काढते आणि ज्योत पुन्हा उभी राहताना दाखवते. हे काम पत्रकानं होत नाही. पुढे मातीला तडा जातो, धुराड्यात काजळी साठते, मोठं भांडं नीट बसत नाही, म्हणून घरातले जुन्या चुलीकडे वळतात. प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन पाहायला हवं.

भारताचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली दिल्या गेल्या. किमतीचा मोठा भाग अनुदानातून भरला जाई. गावातल्या लोकांना चुली बांधायचं प्रशिक्षण मिळालं, मानधनही मिळालं, पण ते बांधण्याचं. दुरुस्तीसाठी पुन्हा त्या घरी जाण्याचे पैसे जवळजवळ कुणालाच नव्हते. त्याच सुमारास चीनमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे तेरा कोटी घरांत सुधारित चुली गेल्या. तिथे चुलीचा बहुतांश खर्च कुटुंबांनी केला आणि सरकारी पैसा मुख्यतः प्रशिक्षण, स्थानिक ग्रामीण ऊर्जा कार्यालयं आणि चुलीचे भाग बनवणारे यांच्याकडे वळला. दोन्ही देशांची परिस्थिती सारखी नव्हती, हे खरं. तरीही पैसा कुठे ठेवला, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

ओडिशातल्या धुराड्याच्या चुलींवर रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या फुप्फुसात जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरून गेला आणि जळणाचीही बचत दिसली नाही. कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही. चूल देणं आणि ती चालती ठेवणं यांतलं अंतर इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी मोजलं गेलं आहे.

म्हणूनच दर चुलीमागे मानधन म्हणजे प्रचारकाला आधार, हे मला पटत नाही. ते अनुदानाचंच दुसरं रूप आहे. त्यात प्रचारकाचा फायदा पुढच्या घरात असतो, मागच्या घरात नसतो. तडा गेलेल्या चुलीसाठी अर्धा दिवस घालवला, तर प्रचारक बाईचं नुकसानच होतं.

आधार म्हणजे पहिल्या महिन्यातल्या दोन-तीन फेऱ्यांचे, आणि पुढे काही महिन्यांनी मारलेल्या एका फेरीचे पैसे. सुटे भाग तिच्या घरात. चूल बांधायचा साचा तुटला तर नवा. आणि वजनकाटा! ही वस्तू फार कमी योजना देतात. सकाळी लाकडाची मोळी तोलायची, दुसऱ्या दिवशी उरलेलं तोलायचं, किती जणांचा स्वयंपाक झाला ते लिहायचं. आधी काही दिवस जुन्या चुलीवर, मग नव्या. प्रयोगशाळेत पाणी उकळून काढलेला बचतीचा आकडा त्या घराला लागू पडेलच असं नाही. स्वतःच्या मोळीचा आकडा मात्र घरातल्या बाईला कुणी पटवून द्यावा लागत नाही.

केनियातली सिरॅमिक जिको ही धातूच्या कवचात भाजलेल्या मातीचं अस्तर असलेली कोळशाची शेगडी. ती पसरली ती मुख्यतः कारागिरांना शिकवून. शेगडीवर थेट अनुदान नव्हतं. बनवणारा आणि विकणारा जवळच राहिल्यामुळे अस्तर फुटलं तर ते बदलून मिळायची सोयही जवळच होती.

अनुदान वाईट आहे, असं मी म्हणत नाही. सगळ्यात गरीब घराला त्याशिवाय चूल मिळणारच नाही. तिथे ते द्यावंच. फक्त ते प्रचारकाच्या नावावर दाखवू नये.

प्रचारकाला आणखी एका बाबतीत आधार लागतो: खोटं आश्वासन न देण्याची मुभा. कमी लाकूड लागतं म्हणजे धूर गेला, असं होत नाही. उष्णता भांड्याला जास्त लागली तर जळण वाचतं. धूर कमी व्हायचा तर लाकूड पूर्ण जळावं लागतं, आणि ओलं लाकूड कुठल्याच चुलीत नीट जळत नाही. ‘धूरमुक्त’ म्हणून विकायला लावलं, तर महिन्याभरात गावाचा तिच्यावरचा विश्वास उडतो.

हे दोन खर्च एकत्र येतात ते एकाच ठिकाणी, प्रचारकाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. तिला चूल पूर्ण अनुदानानं द्यावी आणि निदान एक पावसाळा वापरू द्यावी. दुसऱ्याच्या दारात ती जाईल ते त्यानंतर.