मेंदूच फुगवून पाहण्याची युक्ती

'मेंदूचा नकाशा तयार झाला' हे वाक्य एप्रिल २०२५पासून वारंवार कानावर पडतं. बातमी खरी होती, पण मथळा तिच्यापेक्षा फार मोठा होता. 'मायक्रॉन्स' प्रकल्पात जो भाग तपासला गेला, तो उंदराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्राचा अवघा एक घन मिलिमीटर होता. त्या तुकड्याचे जवळजवळ २८ हजार काप केले गेले, प्रत्येक काप सुमारे ४० नॅनोमीटर जाडीचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोन लाखांवर पेशी दिसल्या. त्यांतल्या सुमारे ८४ हजार चेतापेशी होत्या, आणि त्यांना जोडणारे सिनॅप्स पन्नास कोटींहून जास्त. या सगळ्याच्या माहितीने १.६ पेटाबाइट, म्हणजे सोळा लाख गिगाबाइट, जागा व्यापली. उंदराचा अख्खा मेंदू या तुकड्याच्या साधारण पाचशे पट आहे आणि माणसाचा बारा-तेरा लाख पट. आजवर संपूर्ण जोडणी उलगडली आहे ती फार लहान जिवांची: १९८६मध्ये ३०२ चेतापेशींचा एक सूत्रकृमी, आणि २०२४मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींची फळमाशी.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आकार उत्तम दाखवतो, पण चित्र येतं काळं-पांढरं. अमुक सिनॅप्सवर कोणतं प्रथिन बसलं आहे, हे त्यातून थेट कळत नाही. ते कळायला रंग हवा, म्हणजे चमकणारं रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू) आणि साधा प्रकाश. आणि प्रकाशाची मर्यादा १८७३मध्ये अर्न्स्ट ॲबे यांनी दाखवून दिली. तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके कितीही चांगल्या भिंगातून एकच दिसतात. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत ही मर्यादा २५० ते ३०० नॅनोमीटरच्या घरात येते. सिनॅप्सच्या दोन बाजूंमधली फट सुमारे २० नॅनोमीटरची असते, आणि सर्वांत बारीक चेतातंतू ५० नॅनोमीटरपर्यंत बारीक असतात. अशा तंतूंची जुडी प्रकाशात नुसता एक धूसर पट्टा दिसते. त्यातला कोणता तंतू कुठे गेला हे सांगता येत नाही, आणि चेतापेशींच्या जोडणीचं सर्किट म्हणजे नेमकं तेच.

रंगद्रव्यांची चमक युक्तीने चालू-बंद करून ही मर्यादा ओलांडण्याच्या पद्धती निघाल्या, त्यांना नोबेलही मिळालं. पण जाड ऊतींवर त्या हळू चालतात. जानेवारी २०१५मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतल्या फेई चेन, पॉल टिलबर्ग आणि एडवर्ड बॉयडन यांनी दुसरीच वाट दाखवली: भिंग आहे तसंच ठेवायचं आणि नमुनाच मोठा करायचा. मेंदूच्या कापात फुगणारं जेल भरायचं, आतली प्रथिनं त्या जेलला बांधायची आणि मग ते पाण्यात सोडायचं. काप प्रत्येक दिशेने साडेचार पट होतो. ३०० नॅनोमीटरची मर्यादा असलेल्या त्याच सूक्ष्मदर्शकाला मग मूळ मापातले सुमारे ७० नॅनोमीटर दिसू लागतात.

हे जेल आहे सोडियम पॉलिॲक्रिलेट. बाळाच्या डायपरमध्ये असतं तेच. ते का फुगतं, हे समजलं की पुढची सारी पद्धत समजते, म्हणून इथे जरा थांबू.

पॉलिॲक्रिलेटच्या लांब साखळीवर ठरावीक अंतराने ऋणभारित कार्बोक्सिलेट गट असतात. प्रत्येक ऋणभाराच्या जोडीला एक सोडियमचा धनभारित आयन असतो. साखळ्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे ऋणभार जाळ्यातून सुटू शकत नाहीत. सोडियमचे आयन पाण्यात सुटे फिरू शकतात, पण जाळं सोडून जाऊ शकत नाहीत, कारण ते गेले तर आत निव्वळ ऋणभार उरेल आणि तो त्यांना परत ओढेल. म्हणजे आयन आत कोंडलेले, बाहेर शुद्ध पाणी. आतबाहेरच्या आयनसंख्येतला हा फरक मिटवायला पाणी आत शिरतं. शाळेत शिकलेला परासरणाचा दाब तो हाच. साखळ्या ताणल्या जातात, आणि त्यांचा आखडण्याचा जोर व आतला दाब सारखे झाले की फुगणं थांबतं. किती फुगेल हे दोन गोष्टींवर ठरतं: आडवे दुवे किती दाट आहेत आणि बाहेरच्या पाण्यात मीठ किती आहे.

दुसरी गोष्ट घरी पडताळता येते. एक नवा डायपर कापून प्लास्टिकच्या पिशवीत झटका. कापसातून पांढरे बारीक कण खाली पडतील. नाकातोंडाला रुमाल बांधा आणि कण लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तीन ग्लासांत प्रत्येकी एक ग्रॅम कण घ्या. पहिल्यात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी ओता, दुसऱ्यात नळाचं, तिसऱ्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातलेलं. डिस्टिल्ड पाणी दोनशे-तीनशे मिलिलिटरपर्यंत शोषलं जाईल, मिठाचं जेमतेम तीस ते पन्नास. बडोद्यात मही नदीचं पाणी येणाऱ्या घरात आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायटीत मधल्या ग्लासाचं उत्तर वेगळं येईल. जड पाण्यातलं कॅल्शियम दोन धनभारांचं असतं. ते दोन कार्बोक्सिलेट एकत्र धरून नवे आडवे दुवे तयार करतं, म्हणून क्षारांच्या प्रमाणावरून वाटेल त्याहूनही जेल कमी फुगतं. शेवटी फुगलेल्या पहिल्या ग्लासात चमचाभर मीठ टाकून ढवळा. जेल पाणी सोडून बसतं. सामान फेकण्याआधीही असंच मीठ घाला आणि ते कोरड्या कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका. शाळेच्या विज्ञान मेळाव्यासाठी याहून चांगला प्रयोग क्वचित सापडेल.

आता प्रयोगशाळेची कृती पाहू. हिच्यातलं रसायन घरी आणायचं नाही, कारण सुटं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेलाच घातक असतं. मेंदूचा ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा काप प्रतिपिंडांनी रंगवून घेतात. मग तो 'ॲक्रिलॉइल-एक्स' नावाच्या रसायनात (मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम) रात्रभर ठेवतात. या रेणूचं एक टोक प्रथिनातल्या अमाइन गटाला चिकटतं, दुसरं पुढे तयार होणाऱ्या साखळीत गुंफलं जातं. नंतर मोनोमरचं, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्यांचं, द्रावण येतं: सोडियम ॲक्रिलेट ८.६ टक्के, ॲक्रिलामाइड २.५ टक्के, आडवे दुवे देणारं बिसॲक्रिलामाइड फक्त ०.१५ टक्के, आणि तब्बल ११.७ टक्के मीठ. मीठ इतकं का, याचं उत्तर वरच्या ग्लासात आहे. जेल बांधलं जाईपर्यंत ते फुगू नये म्हणून.

या द्रावणात बर्फावर तीन गोष्टी क्रमाने घालतात. बहुलकीकरण (कड्या जुळून साखळ्या बनणं) रोखून धरणारं ४-हायड्रॉक्सी-टेम्पो ०.०१ टक्के, वेग देणारं टेमेड ०.२ टक्के, आणि सर्वांत शेवटी प्रक्रिया सुरू करणारं अमोनियम परसल्फेट ०.२ टक्के. काप ४ अंश सेल्सिअसला अर्धा तास या द्रावणात मुरतो, मग ३७ अंशाला दीड-दोन तासांत जेल घट्ट होतं. पुढे प्रोटीनेज-के हे एन्झाइम रात्रभर प्रथिनांचे तुकडे करतं. ऊतीची घट्ट वीण सुटते, पण तुकडे जिथल्या तिथे जेलला लटकलेले राहतात. शेवटी शुद्ध पाणी. दर वीस मिनिटांनी बदलत तीन ते पाच वेळा, आकार वाढायचा थांबेपर्यंत.

बिघाड बहुतेक ठरलेल्या जागी होतो. सोडियम ॲक्रिलेटची प्रत बाटलीगणिक बदलते. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ हवं, पिवळसर दिसलं तर ते फेकून द्यावं. अमोनियम परसल्फेट आधी घातलं किंवा बर्फ वगळला, तर द्रावण कापाच्या आत पोचण्याआधीच बाहेर गोठतं, आणि कापाचा मधला भाग न फुगता तसाच राहतो. हवेतला ऑक्सिजन साखळी वाढवणाऱ्या क्रियाशील रेणूंना, म्हणजे मुक्त मूलकांना, गिळतो, म्हणून साचा काचेने पूर्ण झाकावा लागतो, नाहीतर कडा पातळ राहतात. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यांत ज्यांनी ॲक्रिलिक मोनोमर हाताळलं आहे, त्यांना हे चटकन उमगेल. तिथे ऑक्सिजनचा हाच गुण कामी येतो. ड्रममधलं मोनोमर आपोआप गोठू नये म्हणून घातलेला एमईएचक्यू हा रोधक (इनहिबिटर) विरघळलेला ऑक्सिजन असेल तरच काम करतो, त्यामुळे ड्रममध्ये निव्वळ नायट्रोजन भरून चालत नाही.

एन्झाइमचं काम अर्धवट राहिलं तर ऊती फुगताना फाटते आणि नकाशात खोट्या भेगा दिसतात. काही रंगद्रव्यं, विशेषतः सायनाइन गटातली, जेल बनतानाच नष्ट होतात. जी उरतात ती विरळ होतात, कारण साडेचार पट लांबी म्हणजे सुमारे ९० पट घनफळ, आणि उजेड तितक्या पटीने पसरतो. फुगलेलं जेल जवळजवळ सगळं पाणीच असतं. ते काचेवर घसरतं आणि चित्र हलतं, म्हणून काचेला पॉलिलायसिनचा लेप देतात. जेलचा एक कोपरा आधीच तिरका कापून ठेवणंही गरजेचं आहे. पारदर्शक तुकड्याची वरची बाजू कोणती, हे नंतर डोळ्यांनी कळत नाही.

एवढ्या कष्टाने एकेका सिनॅप्सचा पत्ता शोधला जात असताना, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून न पाहता वाचायची 'शक्ती' देतो म्हणत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' शिकवणारे आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार सांगणारे वर्ग हजारो रुपये घेतात. पट्टी बांधलेली मुलं नाकाशेजारच्या फटीतून पाहतात. ती फट बंद केली की 'शक्ती' संपते. बोटांच्या ठशांत चेतापेशींची कोणतीही जोडणी लिहिलेली नसते. आईबापांनी हा पैसा तिथे देऊ नये, इतकं स्पष्ट सांगायलाच हवं.

साडेचार पटीने ७० नॅनोमीटर दिसतात, पण सर्वांत बारीक तंतू सोडवायला ते पुरत नाही. म्हणून फुगलेल्या जेलमध्ये दुसरं फुगणारं जेल भरतात. मे २०२५मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी गूगलच्या गटाबरोबर 'लायकॉन' ही पद्धत जाहीर केली. तीत तीन जेल एकात एक गुंफून ऊती सुमारे १६ पट फुगवतात आणि सर्व प्रथिनांना एकत्र रंग देतात. साध्या प्रकाशात सुमारे २० नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो आणि तंतूंचा माग काढता येतो. त्याच नमुन्यात निवडक प्रथिनं वेगळ्या रंगांत दिसतात, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जमत नव्हतं.

पण १६ पट लांबी म्हणजे ४०९६ पट घनफळ. उंदराचा अर्ध्या घन सेंटिमीटरचा मेंदू फुगून सुमारे दोन लिटर होईल. माणसाचा फुगवला, तर पाच हजार लिटर. यातला प्रत्येक थेंब सूक्ष्मदर्शकाखालून न्यायचा आहे. अमेरिकेत २०२३मध्ये सुरू झालेल्या मोठ्या प्रकल्पाचं लक्ष्यही म्हणूनच मर्यादित आहे: उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागाचे १० घन मिलिमीटर, आणि तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने.

खरा खर्च मात्र चित्र काढण्यात नसून ते तपासण्यात आहे. संगणक तंतूंचा माग काढतो, पण एखाद्या धूसर जागी दोन शेजारी तंतू चुकून जोडतो किंवा एकच तंतू तोडतो. लांब तंतूवर एक चूक झाली की तिच्यापुढच्या शेकडो सिनॅप्सचा मालक बदलतो. फळमाशीच्या नकाशात अशा चुका माणसांनी बसून दुरुस्त केल्या, आणि त्याला एकूण ३३ मनुष्यवर्षं लागली. इथे फुगवण्याच्या पद्धतीचा आणखी एक उपयोग पुढे येतो आहे. प्रत्येक चेतापेशीत वेगवेगळ्या खुणेच्या प्रथिनांचं एक वेगळं मिश्रण आधीच तयार करवायचं, आणि फुगवल्यावर एकेक खूण रंगवून वाचायची. मग तंतू मध्येच दिसेनासा झाला, तरी पलीकडच्या टोकाला तेच मिश्रण सापडलं की तो कोणत्या पेशीचा हे सांगता येतं. अशा खुणांचे जितके स्वतंत्र प्रकार एका पेशीत एकावेळी वाचता येतील, तितक्या जास्त शेजाऱ्यांना एकमेकांपासून वेगळं ओळखता येईल. सध्या प्रयोगशाळांमध्ये काम चाललं आहे ते ही संख्या वाढवण्याचं.